स्पीकरशेजारची खुर्ची

कमळाकर मास्तर बेंजो पार्टीच्या टेम्पोत चढले की आधी सगळ्यांना दटावायचे आणि मगच बसायचे. पेण-रोह्याच्या पट्ट्यात त्यांच्या बेंजोइतकीच ही दटावणीही सगळ्यांना माहीत होती. हळदीच्या कार्यक्रमातलं मटण वाजवून झाल्यावर, आधी नुसता डाळभात. पाणी घरचं. यजमानाने बाटली पुढे केली तर पोट बिघडलंय म्हणायचं, सरळ नाही म्हटलं की त्याला अपमान वाटतो. वाद्य मांडीवर, सामानाखाली कधीच नाही. ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याने डोळा लावायचा नाही, झोप येत असेल त्याने मुकाट्याने मागे जावं. तुळशीचं लग्न लागलं की पावसाच्या तोंडावरची आगोट येईपर्यंत हळदी, पुढे गणपती, मग नवरात्र. वर्षातला निम्मा काळ रस्त्यावर काढणाऱ्या माणसाने घसा, पोट आणि झोप कशी सांभाळावी, हे मास्तरांना बिनचूक ठाऊक होतं. कानांबद्दल मात्र त्यांनी जे सांगितलं ते साफ चुकीचं होतं, आणि ते त्यांनी पोटच्या मुलीला सांगितलं.

ही चूक त्यांच्या एकट्याची नव्हे. कासूच्या खाडीकडे काळुराम म्हणून म्हातारा होता, दिवसा मिठागरात राबायचा आणि संध्याकाळी बेंजो वाजवायचा. कमळाकरांचा हात त्याने घडवला. टायपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा असलेलं ते वाद्य तसं नाजूक आवाजाचं, ढोल आणि पॅडच्या दणदणाटात वाजवणाऱ्याला स्वतःचंच वाजवलेलं ऐकू येत नाही. म्हणून रीत अशी, की मास्तरची खुर्ची मोठ्या स्पीकरला खेटून. तो मान होता. तिथे दुसरा कोणी बसला तर भांडणं व्हायची. कार्यक्रम संपला की दुसऱ्या दिवसापर्यंत कानात बारीक शिट्टी वाजत राही. काळुराम म्हणायचा, "वाजते ना? म्हणजे सूर मुरतोय. ज्याच्या कानात वाजत नाय, त्याचा हात कोरडा." मग पार्टीतली माणसं सकाळी चहा पिताना एकमेकांना विचारायची, तुझी थांबली का? ज्याची संध्याकाळपर्यंत थांबायची नाही तो भाव खाऊन जायचा.

प्रतीक्षाने बेंजो हातात घेतला तेव्हा ती शाळेत होती. पोरीच्या जातीने टेम्पोत बसून गावोगाव फिरायचं, यावर तिची आई सगुणा दोन दिवस जेवली नव्हती. भावकीनेही तोंडसुख घेतलं. कमळाकर कोणाला बधले नाहीत. पोरीचा हात त्यांच्याहून चपळ होता आणि ते त्यांना उघड दिसत होतं. आपल्या शेजारी, स्पीकरच्या दुसऱ्या बाजूला, त्यांनी तिची खुर्ची मांडली. पहिल्या मोठ्या हळदीनंतर सकाळी ती घाबरून म्हणाली, "बाबा, माझ्या कानात कायतरी वाजतंय." कमळाकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगो, मुरला तुझा सूर!" म्हणत त्यांनी वडखळ नाक्यावर टेम्पो थांबवला आणि सगळ्या पार्टीला पेढे वाटले. ते पेढे आठवले की आता त्यांना घास गिळवत नाही.

त्यांचं स्वतःचं ऐकणं कधी कमी झालं ते त्यांनाही कळलं नाही. त्यांना वाटे लोकच हल्ली पुटपुटायला लागलेत. सगुणा स्वयंपाकघरातून हाका मारून दमायची, वर हेच तिला म्हणायचे, नीट बोल गो जरा. पार्टीचा मालक मितेश फोनवर काही सांगायचा आणि हे नुसतं "व्हय, व्हय" करून दुसऱ्याच गावी जाऊन उभे राहायचे. पोरं हसायची. म्हातारपण म्हणून सगळं खपून गेलं.

धाटावला एका कंपनीच्या पूजेचा कार्यक्रम होता. शिफ्ट सुटून आलेले कामगार मांडवात उभे होते. मितेशने हात वर करून गाणं थांबवलं, ढोल थांबला, पॅड थांबलं. कमळाकर डोळे मिटून वाजवत राहिले. लोकांना वाटलं मास्तरांची काही खास करामत आहे, त्यांनी टाळ्या दिल्या, शिट्ट्या मारल्या. प्रतीक्षाने मनगट धरलं तेव्हा कमळाकरांनी डोळे उघडले आणि ढोलवाल्याच्या काठ्या काखेत दिसल्या. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

पेणच्या डॉक्टरीणबाईंनी कान तपासले आणि प्रतीक्षाच्या मदतीनेच सगळं समजावलं. बाई मोठ्याने बोलायच्या, उरलेलं प्रतीक्षा खुणांनी सांगायची. कानाच्या आतल्या पेशी मोठ्या आवाजाने मेल्या होत्या, त्या पुन्हा येत नाहीत. यंत्राने बोलणं थोडंफार कळेल, गाणं मात्र पूर्वीसारखं कधीच ऐकू येणार नाही. कमळाकरांनी शिट्टीचं विचारलं. बाई म्हणाल्या, "ती कान दुखावल्याची खूण असते. ती वाजली की कानांना विश्रांती द्यायची असते."

हे वाक्य प्रतीक्षाने त्यांना सांगितलं नाही. पण बाईंच्या ओठांवरून त्यांना ते बरोबर कळलं, आणि पोरीने नजर चुकवली तेही त्यांनी पाहिलं.

त्यानंतर कमळाकर स्वतःच्या कानांसाठी एकदाही रडले नाहीत. त्यांना एकच ध्यास लागला, पोरीला त्या खुर्चीवरून उठवायचं. मास्तरची जागा आता तिचीच होती. पार्टीच्या बॅनरवर तिचा फोटो होता, सुपाऱ्या तिच्या नावावर येत होत्या. कमळाकरांनी मितेशच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी त्याने कोलाडच्या एका हळदीला खुर्ची लांब मांडली. प्रतीक्षाला स्वतःची तारच ऐकू येईना. दोनदा चुकली, तशी वऱ्हाडातली पोरं हुर्यो करायला लागली. तिसऱ्या गाण्याआधी तिने आपल्या हाताने खुर्ची उचलली आणि स्पीकरला नेऊन टेकवली. मेडिकलमधून आणलेले कानातले बोळे तिने बापासमोर घातले आणि बाप वळल्यावर काढले.

घरी येऊन कमळाकर तिच्यावर ओरडले. आपला आवाज किती चढलाय ते त्यांना कळत नव्हतं, शेजारी दारात येऊन उभे राहिले.

"बाबा, तुमचं वय झालंय म्हणून तुमचे कान गेले," ती त्यांच्यासमोर येऊन, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "मना सगळं ऐकू येतंय. आणि तुम्हीच शिकवलंय ना, कानात वाजत नाय त्याचा हात कोरडा?"

कमळाकरांनी काळुरामवर राग काढावा तर तो बिचारा कधीच वारलेला, आणि पेढे काही काळुरामने वाटले नव्हते.

मग त्यांनी सौदा केला. "एकदा तपासून घे. कान चांगले निघाले, तर मी या जन्मात तुला त्यावरून बोलणार नाय." प्रतीक्षा लगेच तयार झाली. रोजची कटकट कायमची मिटणार होती. रविवारी कुठेतरी मोठी हळद होती, त्याआधी उरकून टाकू म्हणाली.

तपासणीची खोली काचेची होती. प्रतीक्षा आत बसली, कानांवर जाड हेडफोन. आवाज आला की बोट वर करायचं. बाई बाहेर यंत्रापाशी, त्यांच्याशेजारी स्टुलावर कमळाकर. त्यांना आवाज कळण्याचा प्रश्नच नव्हता, पण यंत्रावर एक छोटा दिवा होता. आवाज सोडायला बाई बटण दाबत तेव्हा तो लागायचा.

दिवा लागला, बोट वर गेलं. पुन्हा लागला, पुन्हा गेलं. खालच्या, जाड सुरांपासून बाई हळूहळू वर चढत होत्या. बोट दर वेळी लगेच उठत होतं. कमळाकरांचा जीव भांड्यात पडायला लागला. पोर खरंच बोलत होती, आपणच उगाच तिच्या मागे लागलो. हरायला मिळालं तर बरंच होईल, असं त्यांनी मनातल्या मनात गावदेवीला सांगितलं. तिला साडी नेसवायचंही कबूल केलं.

मग दिवा लागला आणि बोट गुडघ्यावरच राहिलं.

बाईंनी आवाज वाढवायची चकती थोडी फिरवून बटण दाबलं. दिवा लागला. बोट हललं नाही. चकती आणखी फिरली. कमळाकर स्टुलावरून उठून काचेला चिकटले. उचल गो, उचल, ते म्हणत होते, मोठ्याने की मनात ते त्यांना कळलं नाही. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबून धरलं.

प्रतीक्षाने काचेतून बापाकडे पाहिलं. जिंकलेल्या माणसासारखी ती हसत होती. यंत्रावरचा दिवा लागलेला होता. एवढ्या दिवसांत कमळाकरांना तिचे ओठ वाचायची चांगलीच सवय झाली होती.

"संपलं ना, मॅडम? मघापासून काय वाजतच नाय."