एकादशीचं पिठलं

आज एकादशी. शेजारच्या घरातून दाणे भाजल्याचा खमंग वास आला. खिडकी लावायला उठले आणि तिथंच उभी राहिले. दाण्याचा कण जरी पोटात गेला तरी माझा घसा सुजतो.

शिरूरला कॉलेजात असताना मेसच्या प्रत्येक भाजीत दाण्याचं कूट असायचं. स्वयंपाकाच्या मावशी कूट घालण्याआधी माझी वाटी बाजूला काढायच्या. पण एकादशीला सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी, तीही दाण्यांनी भरलेली. पहिल्याच एकादशीला मी सांगून टाकलं, "मावशी, मला भूक नाही."

"भूक कशी न्हाई? बस हितं." आणि उपासाच्या दिवशी त्यांनी चक्क लसणाची फोडणी घातली. पिठलं-भाकरी माझ्यापुढं ठेवत म्हणाल्या, "मला उपास हाय, चाखता येत न्हाई. मीठ तूच सांग गं."

मीठ जास्तच झालं होतं. मी "झकास" म्हणाले आणि खाली मान घालून जेवू लागले. आपल्या एकटीपायी एवढा खटाटोप, याचीच तेव्हा लाज वाटत होती. आज मात्र हसू येतं. कारण खिचडीची ताटली घेऊन शेजारी बसलेली माझी मैत्रीण पिठल्याकडं बघत हळूच म्हणाली होती, "मावशी, मला बी दाणं चालत न्हाईत बरं का!"