लेकीच्या घरचं पाणी

माझे वडील डिंगोऱ्याहून माझ्याकडं अवसरीला यायचे, तेव्हा प्यायचं पाणी घरूनच बाटलीत घेऊन यायचे. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. धाकटी बहीण जुन्नरला, तिला दोन पोरं. तिच्याकडं ते पोटभर जेवायचे, वर ताक मागून घ्यायचे. खोटं कशाला बोलू, त्या ताकाच्या पेल्यावर माझा नुसता जळफळाट व्हायचा.

नव्वदच्या दशकातला एक मे महिना. वडिलांना ब्लडप्रेशरसाठी लघवी जास्त होण्याची गोळी नुकतीच सुरू झाली होती. सकाळी ती घेऊन निघाले, वाटेत धाकटीकडं ताक प्यायले आणि एसट्या बदलत भर दुपारी माझ्या दारात आले. बाटली मंचरच्या आधीच संपली होती. ओठ पार सुकलेले. मी तांब्या पुढं केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तहान न्हाई."

"तिच्याकडं बरी लागती तहान!" मी बोलून गेले.

ते कसंनुसं हसले, उठायला गेले आणि मटकन खाली बसले.

शेजारच्यांनी मोटारसायकलवरून गावातल्या डॉक्टरांना आणलं. प्रेशर फार खाली गेलं होतं. "गोळीनं अंगातलं पाणी जातंय, वर हा घाम, आणि तुम्ही पिणं तोडलंय? उन्हात प्रवासाला निघण्याआधी ही गोळी कशी घ्यायची, ते तुमच्या डॉक्टरांना विचारत जा," असं दटावून त्यांनी माझ्याच माठातल्या पाण्यात मीठ-साखर कालवायला लावली आणि समोर बसून घोट घोट पाजलं. मी घाबरले होते, आणि मनात मात्र येत होतं, प्यायले एकदाचे! आज त्याची लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

ऊन कललं तसे ते तरतरीत झाले. मी विचारलं, "आण्णा, आता तरी घ्याल ना माझ्याकडचं पाणी?"

"ते पाणी न्हाई गं, औषद व्हतं. डाक्टरनी पाजलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्याकडं ताक आणि माझ्याकडं औषध! संध्याकाळी आमचे हे त्यांना घरापर्यंत सोडायला निघाले, तेव्हा वडिलांनी बाटली माझ्या हातात दिली. "गावच्या हापशावरनं भरून आण."

मी मागच्या दारानं बाहेर गेले, जराशी थांबले आणि परत येऊन माठातलंच पाणी भरलं, त्यात मीठ-साखरही घातली. त्यांना सांगितलं, हापशाचं हाये.

मीही स्टँडपर्यंत गेले. तिथं त्यांनी बाटली तोंडाला लावली. एक घोट गिळून माझ्याकडं बघत राहिले.

"तुमच्या हापशाला साखर लई पडती गं," म्हणाले, आणि गटागटा अर्धी बाटली संपवली.

धाकटीला हे मी अजून सांगितलेलं नाही. सांगायचंही नाही.