इमामभाईंनी लावलेला स्वर

कीर्तन संपले की लोक माझ्या पाया पडायला येत, आणि माझ्यामागे इमामभाई तंबोऱ्याच्या खुंट्या उलट्या फिरवीत बसलेले असत. चारही तारा सैल झाल्याशिवाय तंबोरा गवसणीत जायचा नाही. पाने वाढलेली असोत की दमणीला बैल जुंपलेले असोत, हा गृहस्थ जागचा हलत नसे. सुरुवातीला एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, उद्या पुन्हा लावायचाच आहे ना?"

"उद्याचं उद्या पाहू, बुवा," ते म्हणाले. "काम झाल्यावर तिले ताणून काय करता? तुमी बैलाच्या मानेवरचं जू नाई काढत का?"

मी मूळचा साताऱ्याकडचा. वऱ्हाडातले बोलणे पहिली दोन वर्षे मला भांडल्यासारखेच वाटे. त्यातून इमामभाई म्हणजे एक घाव दोन तुकडे. पण त्यांच्याइतका जपणारा माणूस मला आयुष्यात दुसरा भेटला नाही. हे मला फार उशिरा कळले, आणि ती अक्कल यायला भरल्या सभेत नाक कापून घ्यावे लागले.

इमामभाई अमरावतीचे पिंजारी. गाद्या-रजयांचा कापूस पिंजणे हा घरचा धंदा. पिंजणीच्या ताणलेल्या तातीचा आवाज पाळण्यात असल्यापासून कानावर पडलेला, त्यातूनच त्यांचा कान तयार झाला. कुणाचा गंडा बांधला नाही की कुणाची चिलीम भरली नाही. माझ्याकडे आधी ते सणावारी येत. मग सातासमुद्रापलीकडे कुठे अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्याकडच्या कापसाला असा भाव चढला की लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवू लागले. सगळा कापूस मुंबईच्या वाटेला लागला. गादीत भरायला मूठभर कोण ठेवतो? इमामभाईंची पिंजण खुंटीला टांगली गेली आणि ते कायमचे माझ्यामागे येऊन बसले.

पैसा आला की देवही आठवतो. ज्याच्या त्याच्या घरी कीर्तन. अमरावतीहून अकोल्याला, अकोल्याहून परत, कधी दिवसाला दोन-दोन. माझा आवाज उंच, त्याचीच माझी ख्याती. "बुवा गायला लागले की तिसऱ्या गल्लीत ऐकू जाते," असे लोक म्हणत आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढत असे. तंबोरा मी आणखी चढवून मागे. इमामभाई चढवीत, पण पुटपुटल्याशिवाय नाही. "चढलेला भाव अन् चढलेली तार, दोन्हीवर ध्यान ठेवा लागते, बुवा."

एका हिवाळ्यात माझा गळा बसला तो बसलाच. दीड महिना शब्द फुटेना. वैद्यबुवांनी इमामभाईंच्या देखत बजावले, "आवाज येईल. पण पुन्हा इतका ताणलात तर कायमचा जाईल. स्वर खाली घ्या."

खाली? ज्या गावात माझा उंच स्वर गाजला त्याच गावात खाली? दुसऱ्या दिवशी मी इमामभाईंना सांगितले, "स्वर होता तिथेच राहील. तुम्ही तसूभर जरी उतरवलात, तरी तुमचा-माझा संबंध संपला."

"हो जी," ते म्हणाले. एवढेच.

नंतर मी गायला लागलो आणि काय सांगू, आवाज परत आला! पहिले काही दिवस जड गेले, मग दिवसेंदिवस मोकळा होत गेला. लोक म्हणाले, बुवांचे शब्द आता नीट ऐकू येतात. मी छाती फुगवून इमामभाईंना विचारले, "काय, वैद्य खरा की मी?"

"तुमीच, बुवा," असे म्हणून ते गवसणीची नाडी बांधू लागले. मृदंगावरचा आत्माराम खाली मान घालून हसला. मला वाटले, वैद्यालाच हसतो आहे.

त्यानंतरची रामनवमी. अकोल्यात एका कापूसवाल्या शेटजींच्या नव्या घरी कीर्तन होते. अंगणात मांडव, मधोमध फुलांचा पाळणा, आणि बाराच्या ठोक्याला जन्म व्हायचा म्हणून पेठेतली निम्मी माणसे येऊन बसलेली. शेटजींनी हौसेने धोंडू गुरवाला बासरीला बोलावले होते. धोंडू पूर्वी माझ्या साथीला असे. त्याने मुद्दाम माझ्या स्वराची ती जुनी बासरी आणली होती.

त्याने स्वर धरला आणि सभेने माना वर केल्या. तंबोरा एकीकडे, बासरी दुसरीकडे. दाताखाली खडा यावा तसे ते विजोड.

"धोंडू, कुठली बासरी उचलून आणलीस?" मी सर्वांसमोर ओरडलो. "घरची आण, जत्रेतली नको!"

त्या बिचाऱ्याचा चेहरा पडला. "बुवा, बासरी तेच हाय जी," तो म्हणाला. "तुमच्यासाठीच ठेवेल होती."

मी आणखी बोलणार, तोच इमामभाई माझ्या कानाशी वाकले. "त्याले नका बोलू. बासरी बराबर हाय. म्याच उतरवला तंबोरा. रोज जवाच्या दाण्याएवढा, तुमाले कळू न देता. आत्मारामनं मृदंग संगंसंगं उतरवला."

माझ्या अंगाची लाही झाली. इतके दिवस ज्या आवाजाचा मी तोरा मिरवला, तो यांनी मला मुलाला खाऊ द्यावा तसा दिलेला होता! "चढवा," मी दातओठ खात म्हणालो. "आत्ताच्या आत्ता बासरीला मिळवा."

"गळा जाईन, बुवा."

"चढवा म्हटले ना!"

त्यांनी खुंटी धरली. तार चढू लागली. बासरीचा स्वर आला, मी ऐकला. इमामभाईंचा हात थांबला नाही. तो पुढे गेला, आणखी पुढे, आणि तार खाडकन तुटली. रामनवमीला, जन्माच्या आधी! मांडवात हाय हाय झाली. कुणीतरी म्हणाले, "म्हाताऱ्याचा हात गेला." इमामभाईंनी स्वतःचे कान धरून सभेला हात जोडले. "माफी द्या जी, माह्या हातानं चुकी झाली."

चुकी? या माणसाच्या हातून कधी तार तुटल्याचे मला आठवत नव्हते. माझा गळा वाचावा म्हणून त्याने आपल्या कानाची आणि हाताची अब्रू त्या मांडवात ठेवली होती. माझ्याकडची आपली नोकरी तर त्याने कधीच पणाला लावली होती. मला माझी इतकी लाज वाटली की मान वर होईना.

त्यांनी पागोट्यातून नवी तार काढली, ओवली, आणि हात खुंटीवर ठेवून माझ्याकडे पाहिले. "बुवा, कुठं लावू?"

सारी सभा थांबली होती. सूर्य माथ्यावर येत होता.

मी मोठ्याने म्हणालो, "धोंडू, तुझी बासरी खरी आहे. माझाच गळा उतरला आहे. इमामभाई, स्वर खाली घ्या. जिथे रोज लावता तिथेच लावा."

धोंडूने ती उंच स्वराची बासरी गुंडाळून ठेवली आणि झांज हातात घेतली. इमामभाईंनी तार लावली. त्यांना काही दिसत नव्हते, डोळे वाहत होते, पण स्वर पहिल्या फेऱ्यातच जागेवर आला. मी गायलो, आणि बाराला पाळणा हलला.

त्यानंतर इमामभाई नऊ वर्षे माझ्यामागे बसले. एका वैशाखात दोन दिवसांच्या तापाने ते गेले. त्या नऊ वर्षांत वयाप्रमाणे माझा स्वर आणखी दोनदा खाली आला. दोन्ही वेळा मीच मागे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांना तसे सांगितले.