चार टोकांची चांदणी

वेल्डरला गल्लीत सगळे ठिणगी म्हणत. हातातल्या कामामुळे की नाकावरच्या रागामुळे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. नाताळ जवळ आला की मात्र हाच माणूस लोण्याहून मऊ व्हायचा. उरल्यासुरल्या सळया जोडून चांदणी करायचा, आणि घरात जेवढी माणसं तेवढीच टोकं तिला. ज्याचं टोक त्यानंच त्यावर कागद चिकटवायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, असा बापापासूनचा शिरस्ता. लोक खालूनच टोकं मोजून घरची खबर काढत.

उन्हाळ्यात थोरलीनं त्याच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा तो दारात उभा राहून म्हणाला, "या घरात आता चारच माणसं." तो, बायको, म्हातारी आई आणि धाकटी. बोलून बसला खरा, पण सुटलेला शब्द कुठं परत येतो? बायको तेव्हापासून कामापुरतंच बोलायची. सण तोंडावर आला तसा तिनं थोरलीला निरोप धाडला, की ये, बापाचं मी बघते. हे त्याला कळलं आणि तो गप्प राहिला. ठिणगी गप्प म्हणजे होकारच, हे घराला ठाऊक होतं.

चांदणी त्यानं रागात चारच टोकांची केली होती, पण पाचव्याची जागा हातानं आपोआप मोकळी सोडली होती. सणाच्या आदल्या दिवशी तो पाचवं करायला बसला आणि वर्कशॉपची वीज गेली. घरी धाकटीनं भुणभुण लावली, की सगळ्यांच्या दारात उजेड आणि आपलंच दार काळं. त्यानं विचार केला, आता आहे ती टांगू, वीज आली की पाचवं जोडू. त्यात काय एवढं. चौघांनी आपापल्या टोकाला कागद लावला आणि चांदणी दारावर चढली.

दिवेलागणीला वीज आली. इतकं जपून त्यानं आयुष्यात कधी काही जोडलं नव्हतं. टोक गोणपाटात गुंडाळून तो घाईघाईनं घराकडे निघाला, तर कोपऱ्यावरच्या दुकानदारानं थांबवून हातात केकचा डबा दिला.

"तुमची थोरली ठेवून गेली. इथंच उभी होती, वर बघत. 'मोजली' म्हणाली, अन् आली त्या बसनं परत गेली."

तो थांब्यापर्यंत पळत गेला. तिथं कुणीच नव्हतं.

घरी येऊन त्यानं स्टूल घेतलं आणि टोक तारेनं बांधलं. बायकोनं स्टूल धरलं, पण वर पाहिलं नाही. रडायला येत होतं, ते त्यानं पक्कड शोधण्यात दडवलं. धाकटी कागद आणि खळ घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

म्हातारीनं आतून विचारलं, "पाचव्याला कागद कोण लावणार?"

बायकोनं खळीची वाटी झाकून ठेवली. दिवा लावल्यावर चार टोकं रंगीत उजळली, आणि पाचवं सणभर नुसतं लोखंड राहिलं.