उंच दांडीची बाबागाडी

लेक दीड वर्षाची झाली तेव्हा तिच्यासाठी बाबागाडी घ्यायला आम्ही एडिनबराच्या एका दुकानात गेलो. पुण्याहून आलेले माझे वडीलही बरोबर होते. त्यांचे गुडघे पार गेलेले, पण काठीचं नाव काढलं की भडकायचे. मी तासभर ब्रेक दाबून, पट्टे ओढून पाहिले आणि एक हलकी, झटकन घडी होणारी गाडी पक्की केली. तेवढ्यात वडील एक चांगली जड गाडी ढकलत दुकानभर फिरून आले.

"ही दणकट आहे. पोरीला हीच घे."

"अहो, ही बसमध्ये चढवणार कोण?" असं मी चिडून म्हणणार होते, तोच लक्षात आलं, ते लंगडत नव्हते. दांडी बरोब्बर त्यांच्या कमरेला येत होती. मी तिचेही ब्रेक आणि पट्टे तपासले आणि तीच घेतली.

आता लेक शाळेत जाते. वडील दर उन्हाळ्यात येतात आणि तिला आणायला निघताना दारामागची ती गाडी बाहेर काढतात.

"असू दे," म्हणतात, "येताना दमली तर?"

चढावर ती पुढे पळत असते आणि मागून ते रिकामी गाडी ढकलत येतात. पोरगी आजवर एकदाही दमलेली नाही.