कुंपणावरची तुती

कलमकाकांना बागेत कुणी खऱ्या नावानं हाक मारली नाही. चाळीस वर्षं एकाच फळबागेत कलमं बांधली, तेच नाव चिकटलं. फळाला नुसतं बोट लावून ते सांगायचे, हे उद्या पिकणार आणि हे परवा. पाडाला लागलेलं फळ त्यांनी एक रात्रही झाडावर राहू दिलं नाही. पाखरानं टोचलेलं फळ पेटीत भरता येत नाही.

तरी पाखरं यायचीच. बागेच्या टोकाला काका-काकूंचं दोन खोल्यांचं घर होतं. उजाडायच्या आधी बुलबुलांची भांडणं सुरू व्हायची, पत्र्यावर खारी धावायच्या, आणि काकू अंथरुणातूनच म्हणायच्या, "उठा, मंडळी आली."

बाग विकली गेली आणि दोघं गावाकडच्या एका बैठ्या घरात आली. मागं अंगण होतं, पण ओकंबोकं. काकू उशिरा उठू लागल्या, बोलणंही कमी झालं. एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "इथं सकाळ होते ती फक्त घड्याळात. मी लेकीकडे जाऊन राहते. तिच्या दारात झाडं आहेत. तुम्हाला यायचं तर या."

"जाऊ नकोस" एवढे दोन शब्द काकांच्या तोंडून निघेनात. "दोन वर्षं थांब," ते म्हणाले आणि चपला घालून रोपवाटिकेत गेले.

रोपवाटिकावाला त्यांच्याच हाताखाली शिकलेला. "पाखरांसाठी झाडं?" तो हसला. "काका, आयुष्यभर त्यांच्या अंगावर डबे वाजवलेत तुम्ही."

"थट्टा पुरे. चांगल्यातली चांगली दे."

काकांनी मोठ्या फळाचा पेरू घेतला, जाड गराचं अंजीर घेतलं आणि खारींसाठी पातळ कवचाचा बदाम. सगळी कलमं निवडक. दुसऱ्या वर्षी पेरू आणि अंजीर धरले. पण पाखरू काही फिरकेना. काका रोज फांद्यांखाली उभे राहून आभाळाकडे बघायचे.

शेवटी काकूच दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो, हातात काय आहे तुमच्या?"

काकांनी खाली पाहिलं. हातात पाडाचा पेरू होता. कधी तोडला, त्यांनाच ठाऊक नव्हतं.

"रोज असंच करता. पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि ते यायच्या आत ताटं उचलायची."

काका पायरीवर बसले. मग बागेत ती मंडळी खायची तरी काय? पेट्यांतलं तर नक्कीच नाही. बसल्या बसल्या त्यांना कुंपणावरची तुती आठवली. कुणी न लावलेली, पाखरांच्याच विष्ठेतून उगवलेली. दरवर्षी ते ती कोयत्यानं छाटायचे आणि दरवर्षी ती दुप्पट फुटायची. तिची फळं बोटाच्या पेराएवढी, आंबटगोड, महिनाभर रोज थोडी थोडी पिकणारी. तोडून बाजारात न्यावी, अशा लायकीची ती कुणाला वाटलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते बागेच्या जागी गेले. इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण नाल्याकडेचं कुंपण तसंच होतं. तुतीच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सात काड्या कापून त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. वाटेत रोपवाटिकावाल्यानं पाहिलं. "काका, ही रानटी आहे. फुकट दिली तरी कुणी नेत नाही."

"माहीत आहे. मीच तोडायचो," काका म्हणाले.

काकूंकडे आणखी दोन वर्षं मागणं काकांना फार जड गेलं. काकूंनी नुसती मान डोलावली, पण लेकीकडे जायला बांधून ठेवलेली पिशवी उघडली नाही. सातातल्या पाच काड्या जगल्या. फळ धरलं तेव्हा काका खिशात हात घालून अंगणात फिरायचे. पेरूला, अंजिरालाही त्यांनी बोट लावलं नाही. आधी एक बुलबुल आला, संशयानं. आठवड्याभरात साळुंक्या आल्या, आणि पेरूवर एक खार उलटी लटकलेली दिसली.

त्या रविवारी लेकीचा फोन आला. आईची खोली झाडून ठेवली आहे, कधी निघते?

"यंदा नाही जमायचं गं," काकू म्हणाल्या. "तूच ये चार दिवस. तुझ्या बाबांवर लक्ष ठेवायला इथं कुणीतरी हवं. मी जरा आत वळले की यांचा हात पुन्हा फांदीकडे जातो."