आवळण्याआधी ओढलेली रेघ

सोमवारी सकाळी मिस्त्री गेले. अकरा वाजता फोन आला. शववाहिका आमच्या वर्कशॉपमधून जायची होती. मी तिच्या चाकांचे नट तपासले, ड्रायव्हरच्या हातात किल्ली दिली आणि त्याच्या शेजारी बसून मिस्त्रींच्या घरी गेलो.

खरं तर नट तपासायची गरज नव्हती. ती गाडी आठवड्यापूर्वीच माझ्या हाताखालून गेली होती. पण मिस्त्रींना घेऊन जाणारी गाडी न बघता सोडणं मला जमलं नसतं. का, ते सांगायचं तर सहा वर्षं मागं जावं लागेल.

मी मराठी घेऊन बी.ए. झालो, मग आयटीआय केलं. चाकणच्या दोन कंपन्यांत कंत्राटावर काही वर्षं काढली आणि नंतर पालिकेच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून लागलो, तेही कंत्राटीच. कचरागाड्या, पाण्याचे टँकर, शववाहिका, साहेबांच्या जीप, सगळं आमच्याकडे यायचं. मिस्त्री तिथले सगळ्यात जुने, मूळचे बीडकडचे. मी डब्याबरोबर पुस्तक आणतो हे पाहून त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला ‘मास्तर’ करून टाकलं. त्यानंतर रजेचे अर्ज लिहून घ्यायला सगळे माझ्याकडे येऊ लागले.

चाकाच्या कामाची आमची एक रीत होती. गाडी जॅकवर असताना नट नुसते बसवायचे. जॅक काढून चाक जमिनीला टेकलं की पान्याला पाइप लावून एकेक नट शेवटचा आवळायचा आणि आवळलेल्या नटावरून चाकावर खडूची रेघ ओढायची. रेघ दिसली म्हणजे काम झालं.

त्या दिवशी एका टँकरचे मागचे ब्रेक मी केले होते. चाक जॅकवर उंच होतं, हात नीट पोहोचत होता. वाकून ओढलेल्या रेघा वाकड्या येतात आणि मला त्या आवडत नाहीत. म्हणून मी सगळ्या रेघा आधीच ओढून घेतल्या. जॅक काढला. तेवढ्यात एकाने बहिणीच्या लग्नासाठी अर्ज लिहून मागितला. मी आत गेलो, एका वाक्यावर जरा जास्तच रेंगाळलो. परत आलो तर रेघा दिसल्या. मी टँकरच्या ड्रायव्हरला किल्ली देऊन टाकली.

अर्ध्या तासाने आळंदीच्या रस्त्यावरून त्याचा फोन आला. “मास्तर, मागचं चाक नाचाया लागलंय. मी काय वरातीत हाय व्हय?” मग आवाज खाली आला. “टाकी भरल्याली हाय, राव. लवकर या.”

मिस्त्रींच्या स्कूटरवर मागे पाना घेऊन मी बसलो. टँकर कडेला उभा होता. दोन नट कुठेतरी पडून गेले होते, तिसरा बोटाने फिरत होता. शेजारून शाळेच्या रिक्षा जात होत्या. मिस्त्रींनी खिशातून दोन नट काढले आणि सगळे नट माझ्याकडूनच आवळून घेतले. शेवटी ते खडूच्या रेघेकडे बघत राहिले.

“आधी ओढली?”

“हो.”

“तरीच इतकी सरळ आली.”

वर्कशॉपला परतल्यावर मी राजीनामा लिहिला. माझ्या पगारावर घर चालत होतं, पण काढून टाकण्याआधी आपणच गेलेलं बरं, असं वाटलं. मिस्त्रींनी तो कागद सावकाश वाचला.

“अक्षर बेस आहे, मास्तर. पण ह्याच्यात नट कुठंय?”

“म्हणजे?”

“वैयक्तिक कारण लिहिलंस. नट सुटला आणि कारण वैयक्तिक? तुझ्या जागी उद्या दुसरा येईल, तो बी आधीच रेघ ओढंल.”

“खरं लिहिलं तर काढतील मला.”

“काढतील बी. मी संगं येतो. पण तुझं तू वाचायचं. मी तोंड उघडणार नाही.”

मी झालं तसं लिहिलं आणि वर्कशॉपच्या साहेबांपुढे उभं राहून वाचलं. साहेबांनी कागद मागून घेऊन पुन्हा वाचला. मग त्यांनी मिस्त्रींना विचारलं, “ठेवायचा का याला?” मिस्त्री म्हणाले, “साहेब, ह्यानं लिहून तरी दिलं. बाकीचे कुठं देतेत?” तोंड उघडणार नाही म्हणाले होते, ते उघडलं ते एवढ्यापुरतंच.

मी राहिलो. अट एवढीच, की मिस्त्रींनी तपासल्याशिवाय माझ्या हातची गाडी बाहेर जाणार नाही. आठ महिने त्यांनी माझं प्रत्येक चाक पुन्हा आवळलं. खाली बसताना त्यांचा गुडघा वाजायचा. मला तो ऐकू यायचा. ते काम त्यांनी एकदाही दुसऱ्यावर ढकललं नाही, की मला त्यावरून ऐकवलं नाही.

मग एका सकाळी माझी कचरागाडी तयार झाली आणि ते चहा पीत बसूनच राहिले. मी वाट बघत उभा, शेजारी ड्रायव्हर. “किल्ली दे की त्याला. माझ्या तोंडाकडं काय बघतोस?” म्हणाले.

त्या दिवशी मी आभार मानायला गेलो होतो. “अर्ज लिहून आण,” म्हणाले आणि हसले. तो मी लिहिला नाही. लिहायला हवा होता, असं आता रोज वाटतं. तरी माझ्याकडे जे आहे ते त्यांनी राखलेलं आहे, हे ते असतानाच मला ठाऊक होतं. एवढं तरी बरं झालं.

त्यांच्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही. मी अजून कंत्राटीच आहे. ब्रेकचं आणि चाकांचं काम माझ्याकडे आहे.